तेच तेच, दहा वेळा

पावासाठी भिजवलेल्या यीस्टमध्ये गुठळ्या दिसल्या, की मला माझा मूर्खपणा आठवतो. प्रयोगशाळेत असताना मी यीस्टच्या, जनुकांना गप्प ठेवणाऱ्या एका प्रथिनाला कात्री लावली होती. त्यात एकच घडण, अगदी तोच तुकडा, ओळीने दहा वेळा! दोन काढल्या तर काय बिघडतं, असं आमच्या पंचविशीतल्या विदुषीचं, म्हणजे माझंच, मत. दुसऱ्या दिवशी चंबूत यीस्टच्या गुठळ्याच गुठळ्या. गप्प असायला हवीत अशी काही जनुकं जागी झाली होती, बाकीची गप्पच. म्हणजे त्या दोन घडणी नेमक्या तेवढ्यांनाच दाबून ठेवत होत्या. तेच तेच वाटणारंही कुणाला तरी गप्प बसवत असतं. विदुषी मात्र "चूक माझी, चूक माझी" म्हणत प्रयोगशाळाभर रडल्या. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या मैत्रिणीने, सुमनने, तोच शोध स्वतःच्या नावाने छापला. जाब विचारला, तर डोळे मोठे करून म्हणाली, "अगं, ती तुझी चूक आहे, असं तूच तर सगळ्यांना सांगत होतीस!"