तिसऱ्या मजल्यावरचा ताबा

कुलूपवाल्यानं आयुष्यात शेकडो घरं पाहिली, पण बहुतेक सगळी बाहेरून, आणि दार फोडायच्या आधीची पाच मिनिटं. बाजाराच्या तोंडाशी त्याचं कपाटाएवढं दुकान होतं. किल्ल्या घासणं, गंजलेली कुलपं खोलणं हे रोजचंच. पण घर चालायचं ते कोर्टाच्या कामावर. हप्ते थकलेल्या घराचा ताबा घ्यायला बेलीफ निघाला की याला बोलावणं यायचं. आतली माणसं दार उघडत नाहीत आणि बेलिफाला कुलूप तोडता येत नाही, एवढ्या साध्या हिशेबावर त्याची बावीस वर्षं गेली होती.

धंदा शिकवला मामानं, तोही थपडांनी. किल्ली जराशी तिरकी घासली गेली की कानाखाली एक. पुन्हा घासली गेली की कानस उलटी करून बोटांवर. मामा म्हणायचा की दुखलं की हात शहाणा होतो. हात झाला शहाणा, कान मात्र एका बाजूनं कायमचा कमी ऐकू लागला.

दारांमागून काय काय यायचं याची त्याला सवय झाली होती. उकळतं पाणी आलं, सोडलेला कुत्रा आला, एकदा तर सायकलची साखळी आली. एका आजीबाईंनी दंडाला असा कडकडून चावा घेतला की कवळी दंडातच अडकून राहिली. बेलीफसाहेब वर्षभर तो किस्सा रंगवून सांगत होते आणि कुलूपवालाही बरोबर हसायचा. रात्री औषध लावणारी बायको तेवढी हसायची नाही. ती विचारायची, "अहो, त्या आजी मग गेल्या कुठे?" दार उघडलं, नवं कुलूप घातलं, आतल्या सामानाच्या यादीवर पंच म्हणून सही ठोकली की त्याचं काम संपायचं.

बायको एका मोठ्या हॉटेलात इस्त्रीला होती. लग्नानंतर त्यांनी नऊ भाड्याच्या खोल्या बदलल्या. एका मालकानं तर वीज तोडून, सामान जिन्यात फेकून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं केलं, की आता खोली नाही, घर. आणि घर घेणं म्हणजे काय, हे ती परीक्षेला बसल्यासारखी शिकू लागली. हॉटेलात येणाऱ्या एका वकीलबाईंचे काळे कोट ती फुकट कडक करून द्यायची आणि बदल्यात एकेक प्रश्न विचारायची. घर कुणाकडून कुणाकडे आलं ते कागदावर कसं वाचायचं, त्यावर कुणाचा बोजा आहे का, नकाशा मंजूर आहे का, पाण्याची थकबाकी कुणाच्या डोक्यावर बसते, करार आधी की नोंदणी आधी. सगळं वहीत उतरवायचं आणि जेवताना नवऱ्याला म्हणून दाखवायचं. तो म्हणायचा, "कागद तू बघ, कुलूप मी बघतो."

शेवटी बँकेच्या लिलावातलं एक घर त्यांना परवडेल असं निघालं. दोन खोल्या, तिसरा मजला. पत्ता बायकोनं लिहून घेतला होता, त्यानं नीट पाहिलाही नव्हता. जिना चढताना कठडा हाताला ओळखीचा लागला. तिसऱ्या मजल्यावर दार दिसलं आणि त्याच्या डाव्या हाताची दोन वाकडी बोटं आपोआप मिटली.

चौदा महिन्यांपूर्वी हेच दार त्यानं उघडलं होतं. आत एक सुतार, त्याची बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. कुलूप तुटलं तसा सुतार पुढे झाला आणि चौकटीवर टेकलेल्या कुलूपवाल्याच्या हातावर त्यानं लाकडी हातोडा घातला. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग कुलूपवाल्यानंही मागचापुढचा विचार केला नाही. उजव्या हातातला पाना त्यानं सुताराच्या तोंडावर मारला, एकदा नाही, तीनदा. दोन दात फरशीवर पडले. मुलगी ते उचलायला वाकली होती, ते त्याला नको असताना आठवायचं. बेलिफाबरोबरच्या शिपायांनी सुताराला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं.

आणि आता त्याच घरात त्याची बायको खिडकी उघडून उभी होती. तिनं नळ सोडून पाहिले, भिंतींवर बोटं वाजवून ओल पाहिली, वहीतला एकेक प्रश्न खोडला. मग खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि पाय हलवू लागली. लग्न झाल्यापासून त्यानं तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

वकीलबाईंनी सगळे कागद तपासले आणि एकच गोष्ट दोनदा विचारली. म्हणाल्या, लिलावाचं घर आहे, बाई, कागद स्वच्छ असतात, घोळ असतो तो ताब्यात. आत कुणी नाही ना? कुणाचं काही राहिलेलं नाही ना? बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, कारण हे त्याचं क्षेत्र.

"रिकामं आहे," तो म्हणाला. "तशी यादी झालीय."

यादीवर सही कुणाची, हे वकीलबाईंनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

नोंदणी झाली, अंगठे उठले, फोटो निघाले. राहायला आल्या दिवशीच त्यानं दाराला दोन नवी कुलपं बसवली. बाजारात याहून भारी नाहीत, असं बायकोला चारदा सांगितलं. ती म्हणाली, एवढी कशाला, आपल्याकडे चोरण्यासारखं तुम्हीच काय ते. त्यावर तो हसला, पण दिवसातून तीनदा कुलपं हलवून पाहायचा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बायको पडद्यांना इस्त्री करत होती आणि तो खुर्चीत पेंगत होता. ठक, ठक, असा बारीक आवाज आला. त्यानं कुलपांकडे पाहिलं. कुणी हात लावलेला नव्हता. तेवढ्यात दार उलट्या बाजूनं हललं. ते दार सुतारानं स्वतः घडवलं होतं. खोल्या लहान, म्हणून बाहेर उघडणारं. त्यामुळे बिजागऱ्याही बाहेरच्या अंगाला. बाहेर उभं राहून त्यानं बिजागऱ्यांच्या तिन्ही खिळी छिन्नीनं वर उचलल्या, दार कुलपांसकट सरकवून काढलं आणि ओरखडाही न पाडता बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं. बावीस वर्षं दारं उघडणाऱ्या माणसानं दाराची एकच, कुलपाची, बाजू पाहिली होती.

सुताराच्या हातात पहार होती. कुलूपवाला उठेपर्यंत पहिला घाव खुर्चीच्या पाठीवर बसला, दुसरा त्याच्या उजव्या हातावर. कोपराखाली हात नको तिथून वाकला. तो खाली पडला तशी तिसरा घाव कानाशेजारी फरशीवर आदळला आणि फरशीची कपची उडून त्याच्या कपाळात घुसली. बायकोनं तापलेली इस्त्री उचलली आणि सुताराच्या मनगटावर दाबून धरली. चामडी करपल्याचा वास सुटला. तो गुरासारखा ओरडला, पण पहार सोडली नाही. डाव्या हाताच्या फटक्यानं तिला भिंतीवर फेकलं. तिचा ओठ फाटला. ती पुन्हा इस्त्री घेऊन उठली.

"माझी पेटी द्या," सुतार म्हणाला. समोरचे दात नसल्यामुळे शब्द हवेसारखे निघत होते. "पेटी द्या, मी जातो."

"कसली पेटी?" तिनं विचारलं.

"हत्यारांची. माळ्यावर आहे. तीन अर्ज केले. म्हणतात, यादीत नाही म्हणजे नव्हतीच." पहारीचं टोक त्यानं कुलूपवाल्याच्या छातीवर टेकवलं. "यादीवर सही याची. विचारा याला, माळा बघितला होतास का?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं, म्हणून की काय, त्यानं डोळे मिटून घेतले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमची बोटं याच घरात मोडली होती?"

"हो."

"आणि माळा?"

"नाही बघितला. हात फुटला होता. सही केली आणि दवाखान्यात गेलो."

इस्त्री खाली ठेवून तिनं स्टूल ओढलं आणि माळ्यावर चढली. पाण्याच्या टाकीमागे, धुळीत, लांबट लाकडी पेटी होती. दोघांनी मिळून ती उतरवली. सुताराचा एक हात भाजलेला, हिचा ओठ गळत होता. त्यानं झाकण उघडलं, एक रंधा उचलून अंगठा पात्यावरून फिरवला. पहार तोवर कोपऱ्यात पडली होती. शेजाऱ्यांनी बोलावलेले पोलीस वर आले तेव्हा तो पेटीजवळ मांडी घालून बसलेला होता आणि तसाच त्यांनी त्याला उचलला. जिन्यात त्याला मारलं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

दवाखान्यात जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला सगळं सोपं वाटत होतं. घरफोडी, मारहाण, सही करा. बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं नवऱ्याला काही सुचवलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. कुलूपवाल्यानं पहारीचं सांगितलं, दाराचं सांगितलं, आणि मग म्हणाला की पेटी त्याचीच होती, यादी खोटी होती आणि तिच्यावर मी न बघता सही केलेली. हवालदारानं पेन थांबवलं. म्हणाला, काका, असं लिहिलं तर तुमचं कोर्टाचं काम जाईल. तो म्हणाला, लिहा. काम गेलंच. बेलीफसाहेबांनी त्यानंतर दुकानावरून जाताना मान वळवली नाही. घर मात्र राहिलं. कागद स्वच्छ होते. सुताराला सहा महिन्यांची कैद झाली.

पेटी पोलिसांनी पंचनामा करून घरीच ठेवली होती. ती सोडायचा हुकूम निघाला त्या दिवशी बायकोनं हत्यारं फरशीवर मांडली. एकेकाचं नाव खालच्या मजल्यावरच्या मिस्त्रीला विचारून तिनं यादी लिहिली. एकतीस नग. मग पेटीचं एक टोक तिनं धरलं, एक नवऱ्यानं, प्लास्टर नसलेल्या हातानं, आणि दोघं विचारत विचारत सुताराच्या बायकोच्या खोलीवर गेले.

तिनं त्यांना आत बोलावलं नाही. उंबऱ्यावरच पेटी उघडून, यादी हातात धरून सगळे नग मोजले. एक गिरमिट खाली राहिलंय की काय म्हणून पुन्हा मोजले. यादीखाली सही केली. मग उठली आणि कुलूपवाल्याच्या चांगल्या कानाखाली अशी लगावली की तो चौकटीवर आपटला. दुसरी लगावली. तिसऱ्या वेळी तिचाच हात थांबला. तो तसाच उभा राहिला. आडवा हात केला नाही.

एरवी नवऱ्याला कुणी आवाज चढवून बोललं तरी अंगावर धावून जाणारी त्याची बायको कागद वाचत होती.

"तारीख राहिली," तिनं पेन पुढे केलं.

सुताराच्या बायकोनं तारीख घातली. पेटी आत ओढली. दार लोटता लोटता थांबली आणि कुलूपवाल्याकडे न बघता त्याच्या बायकोला म्हणाली, "मोरीतला नळ सकाळी थडथडतो का अजून?"

"थडथडतो."

"वायसर बदला. हे करणार होते," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.