मोटारीच्या पायाचा शेंदूर

मी जळका माणूस. बायको म्हणते, तुमच्या पोटात चूलच पेटलेली असते, लोक नुसती लाकडं घालतात. खरं आहे तिचं. पण त्या एका माणसावर मी जितका जळलो, तितका सख्ख्या भावावरही जळलो नसेन.

एकोणीसशे साठ उलटून गेलं होतं. अमरावतीच्या एका सरकारी वर्कशॉपात मी मिस्त्री होतो. मूळचा नांदगाव खंडेश्वरकडचा. घरी काळी जमीन, पण मला नांगरापेक्षा इंजिनाचा नाद. विहिरीवरची इंजिनं, साहेबांची जीप, रोड रोलर, कशाचं काय दुखतं ते मी नुसत्या आवाजावरून सांगायचो. एका पावसाळ्यात पूर्णेला पूर आला आणि पुढच्या उन्हाळ्यात सरकारनं पुरासाठी आमच्याकडे बोट पाठवली. बोटीच्या मागे लटकवायची मोटार परदेशी, निळीशार. मी मनात मांडे खायला लागलो. माझ्याइतका जुना मिस्त्री तिथं होता कोण?

आणि शिकायला मुंबईला पाठवलं कोणाला? त्याला! अकोल्याचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, नोकरीला चिकटून जेमतेम दोन वर्षं झालेली. काहून? तर मोटारीसोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि त्याला ते वाचता यायचं. त्याच्या घरचे छप्पन साली बौद्ध झालेले. बाप जिनिंगमध्ये हमाली करायचा, पण पोराला त्यानं मॅट्रिक केलं. माझ्या बापाजवळ शेत, बैल, माणसं सगळं होतं आणि मी सातवी नापास. ते मला जास्त झोंबायचं, आज कबूल करतो.

महिन्याभरानं तो परत आला. पायात नवे बूट. बूट पाहूनसुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाण्यानं भरलेल्या ड्रमात मोटार उभी करून त्यानं चालू केली आणि मला जवळ बोलावलं.

"पाहा दादा, हिले टाकी नाई. खाली पायाले भोकं हायेत, तिथून पानी घेते, अंगात फिरवते आन् मांगून पिचकारी सोडते. पिचकारी बंद झाली का समजाचं, तापली. मंग भोंगा वाजते. भोंगा वाजला का आधी बंद कराची."

मला दादा म्हणायचा. तेही मला खपायचं नाही.

आम्ही दोघंही टेंपरवारी. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब येणार, तलावात बोट चालवून पाहणार आणि बोटीच्या मिस्त्रीची कायमची जागा भरणार, असं ठरलं होतं. जागा एक. मला दोन पोरी होत्या आणि तिसरं येऊ घातलेलं. ती जागा मला पाहिजे होती, आणि त्याला मिळायला नको होती. यातलं जास्त काय, ते विचारू नका.

खंडेनवमीला वर्कशॉपात सगळ्या हत्यारांची, गाड्यांची पूजा व्हायची. तो बाजूला उभा. "मी नाई करत दादा. तुमाले कराची त् करा, माही ना नाई." मला हेच तर पाहिजे होतं. चारचौघांत मी मोठ्यानं म्हणालो, "ज्यानं हात जोडले नाई, त्याले मोटार काय पावंल!" सगळे हसले. तो पाना पुसत राहिला.

मग मी मोटारीची पूजा केली. मोठ्या थाटात. डोक्यावर झेंडूचा हार. पण मान खरा पायांचा असतो, तेव्हा तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि मोटारीच्या पायाला, दोन्ही अंगांनी, चांगला जाड थापला. मनात म्हणालो, बाई, माझी हो, त्याची होऊ नको. पाण्यातच जायचीय म्हणून कोणी ती पुन्हा ड्रमात लावून पाहिली नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तलावावर साहेब बोटीत पुढच्या फळीवर बसले. तो मोटारीच्या दांड्याशी, मी हत्यारांची पिशवी घेऊन मधे. बोट अशी सुटली की साहेबांनी टोपी धरली. मला ते बघवेना, मी तिकडे पाहतच नव्हतो. आणि तलावाच्या मधोमध भोंगा वाजला. कर्णकर्कश! त्यानं त्याच क्षणी मोटार बंद केली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

"पंप गेला असंल सायेब," मी घाईनं म्हणालो. "तापलं का आमी इंजिनावर बादलीनं पानी मारतो." आणि बादली उचललीसुद्धा. त्यानं माझं मनगट धरलं. "नका दादा. तापल्या लोखंडावर थंड पानी मारलं त् तडकंल." साहेबांसमोर! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यानं मोटार मागून उचलून तिरपी केली. पाय पाण्यातून वर आला. लालभडक. सगळी भोकं शेंदरानं लिंपलेली. तेलाचा शेंदूर तो, पाण्यानं थोडाच जातो? मी बादली खाली ठेवली. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाठ करून, आडोसा करून, तारेनं एकेक भोक मोकळं केलं आणि बोटं पाण्यात बुडवून पँटीला पुसली.

"काय अडकलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"गाळ होता सायेब."

"मग आणण्याआधी पाहता येत नाही?"

"चुकलं सायेब."

मोटार पुन्हा सुरू झाली, पिचकारी हातभर लांब उडाली, पण काठाला लागेपर्यंत साहेबांचं ठरलं होतं. कायमच्या जागेला जुना माणूस बरा. मी तोंड उघडलं नाही. घरी जाताना पेढे घेतले.

त्यानं दिवाळीनंतर नोकरी सोडली आणि अकोल्यात इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकलं. वाटलं, आता तरी माझी चूल विझेल. कुठलं काय! आता मी त्याच्या मोठेपणावर जळायला लागलो. माझी चूक पोटात घालून वर मलाच उपकाराखाली ठेवून गेला, मोठा संत लागून गेला!

तीन वर्षांनी एका लग्नाला अकोल्याला गेलो तेव्हा राहवलं नाही, त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी सरळ विचारलं, "तू सायबाले खरं काहून नाई सांगितलं बे? जागा तुलेच भेटत होती."

तो वॉशर कापत होता. हात न थांबवता म्हणाला, "शेंदूर म्हनलं असतं त् काय झालं असतं दादा? तुमाले दोन शब्द बसले असते. आन् मले जलमभर आयकावं लागलं असतं का यानं हात त् जोडले नाईच, वरून मोटार बंद पडली त् पूजेवर खापर फोडलं. तुमीच म्हनलं होतं ना चारचौघांत, त्याले मोटार काय पावंल. गाळ म्हनलं त् निस्ती जागा गेली."

चहा आला. ज्याला मी त्याचा मोठेपणा समजून जळत होतो, तो मोठेपणा नव्हताच. त्याला दुसरं काही बोलायला मी जागाच ठेवली नव्हती.

माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानंच विचारलं, "मोटार बरी हाय ना दादा? पिचकारी येते ना जोरात?"

"येते," मी म्हणालो.