तांब्यावरचा ग्लास

आमच्या क्लासमधले रसायनशास्त्राचे सर तास सुरू करण्याआधी टेबलावर एक तांब्या पालथा घालायचे आणि त्याच्या बुडावर स्टीलचा ग्लास उभा करायचे. मगच पेन हातात घ्यायचे. भूकंपानंतर लातूरकडच्या पुष्कळ घरांत ही रीत होती. जमीन हलली की ग्लास पडणार, आवाज होणार, माणसं बाहेर पळणार. पुढं घरोघरचे तांबे पुन्हा पाण्याला लागले. सरांचा पालथाच राहिला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावाकडं त्यांचे आईवडील आणि धाकटा भाऊ दगडमातीखाली गेले होते. याहून जास्त ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मी त्या क्लासमध्ये यंत्रं सांभाळायचो. लातूरला क्लासेसचं पीक आलं तेव्हाची गोष्ट. पोरांची संख्या वाढली, मागच्या बाकांना फळा दिसेना, म्हणून मालकांनी प्रोजेक्टर आणला. प्रोजेक्टरला अंधार लागतो. खिडक्यांना काळे पडदे लागले, दार बंद झालं. सर उंबऱ्यावरूनच मागं फिरले.

"बंद खोलीत मी न्हाई शिकवणार."

"अहो सर, अख्खं लातूर आता स्लॅबखाली झोपून राहिलंय," मालक म्हणाले.

"झोपू द्या. मी पत्र्याखालीच बरा."

एवढा चांगला शिक्षक सोडणं परवडणारं नव्हतं. मागच्या अंगणात पत्र्याचं शेड होतं, तीन बाजूंनी उघडं. तिथं मी सरांचं टेबल मांडलं. टेबललॅम्पच्या वाकड्या मानेला दिव्याऐवजी कॅमेरा बांधला, तो थेट त्यांच्या कागदावर बघेल असा. दुसरा कॅमेरा समोर. वायरी भिंतीतून हॉलमध्ये नेल्या. पडद्यावर सरांचा हात पुरुषभर मोठा दिसायला लागला. सरांची एकच अट होती, "मला पोरांची तोंडं दिसली पाहिजेत. समजलं का न्हाई ते तोंडावर दिसतं." मग हॉलमध्येही कॅमेरा लावला आणि शेडमध्ये जुना टीव्ही. मधे एक भिंत आणि चाळीस फूट वायर, पण दुसऱ्या क्लासवाले ते बघायला यायचे. मी साधा आयटीआय झालेला माणूस. सर मला इंजिनेर म्हणायला लागले.

"काय इंजिनेर, काल पोरं म्हणून राहिली होती, मी पडद्यावर हिरवा दिसलो."

"वायर ढिली होती, सर."

"मला वाटलं, क्लोरिन शिकवता शिकवता मीच पिलो."

ते हसले की मला आपण मोठं काहीतरी केलंय असं वाटायचं. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या वाटण्यापायी झालं.

इंटरनेट बरं झाल्यावर मालकांनी नांदेडला शाखा काढली. तिथं एक वर्ग, एक पडदा, एक कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर मी लातूरहून चालवायचो. इथं माझा माउस हलला की तिथं बाण हलायचा. माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं, 'थेट लातूरहून'. पण लाइन सारखी तुटायची. मग मी आधी टेप केलेला तास लावायला लागलो. उजळणीसाठी तास टेप होतात हे सरांना माहीत होतं. ते थेट म्हणून दाखवले जातात हे माहीत नव्हतं. एखाद्या पोरानं हात वर केला तर मी इथूनच पडद्याच्या कोपऱ्यात टाइप करायचो, 'प्रश्न सरांपर्यंत पोहोचला आहे.'

भूकंपाच्या तारखेला सर रजेवर असायचे. दर वर्षी एकटे गावाच्या जुन्या जागी जाऊन बसायचे. कुठं बसलो, काही खाल्लं का, हे दुसऱ्या दिवशी त्यांना सांगता यायचं नाही. लातूरच्या क्लासला त्या दिवशी सुट्टी असायची. नांदेडला नसायची.

त्या वर्षी त्या दिवशी मी नांदेडला आम्लं आणि आम्लारींचा तास लावला. तो आदल्या हिवाळ्यात टेप केलेला होता. त्या तासाला डाळ मिलकडं जाणारा भरलेला ट्रक बोळातून गेला होता, ग्लास पडला होता आणि सर "बाहेर! सगळे बाहेर पळा!" म्हणून ओरडले होते. लातूरची पोरं सवयीची होती, बाहेर जाऊन हसत परत आली. मी तेवढा भाग कापून दुसरी फाइल करून ठेवली होती. त्या दिवशी न कापलेली लावली. तपासली नाही. चहा पीत होतो.

माझ्या स्क्रीनच्या छोट्या चौकटीत मला नांदेडचा वर्ग दिसत होता. सर ओरडले आणि चौकटीतली पोरं एकदम उठली. मी टेप थांबवायला माउस दाबला. बाण तिथं पोहोचेपर्यंत बाकं रिकामी झाली होती. जिन्यात एक मुलगी पडली. देगलूरकडची होती. तिचा उजवा हात मनगटात मोडला.

दुसऱ्या दिवशी पालक नांदेडच्या वर्गात जमले. मालकांनी आदल्या रात्रीच मला सांगितलं होतं, "टेप म्हणालास की दोन्ही गावांत क्लास संपला. सरांचं काय, लोक समजून घेतील. तो दिवसच तसा होता." मी मान हलवली. क्लासची काळजी मालकांना होती. मला भीती वेगळीच होती. मी जोडलेली ती लाइन खोटी आहे, हे सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं.

सर शेडमध्ये कॅमेऱ्यासमोर बसले. पडद्यावर मुलीचा बाप आला.

"मास्तर, तुमच्या मनात भूत बसलंय तर घरी बसा की. माझ्या लेकराचा लिहायचा हात मोडला."

"भाऊ, मी काल इथं नव्हतो," सर म्हणाले. "मी गावी होतो."

"पोरांनी डोळ्यांनी बघितलं न्हवं का तुम्हाला!"

सर माझ्याकडं वळले. "इंजिनेर, सांग यांना. काल मी कुठं होतो?"

मी म्हणालो, "इथंच होतात, सर. लाइव्ह होतं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पडद्याकडं वळून हात जोडले, त्या माणसाची माफी मागितली आणि ग्लास तांब्यात घालून उठले. फाटकापाशी मी गाठलं तर हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खरंच आलतो का रे मी? त्या दिवसाचं मला काही आठवत न्हाई. आलो असंन."

तेव्हाही मी गप्प राहिलो. लोकांसमोर भीतीनं बोललो, असं म्हणता येईल. फाटकापाशी कोणीच नव्हतं.

सर लातूरजवळच्या मुरुडला राहायला गेले. पुन्हा शिकवलं नाही. भूकंपामुळं सरांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं क्लासच्या गल्लीत सगळे म्हणायचे. मीही ऐकून घ्यायचो. पुढं मी नोकरी सोडली, दुकान टाकलं. ती न कापलेली फाइल मात्र पुसली नाही. कॉम्प्युटर बदलले तरी प्रत्येकावर ती उतरवून घेत गेलो.

मग कोरोनात घरोघरी पडद्यावर शाळा भरायला लागल्या. माझ्या मुलीनं एकदा विचारलं, "बाबा, मॅडम खरंच आत्ता तिथं आहेत का, का रेकॉर्डिंग आहे?" रस्ते मोकळे झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन मुरुडला गेलो.

सर ओसरीत बसले होते. दाराला मधोमध दगड लावलेला, मिटू नये म्हणून. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, पाणी दिलं. मी काही न बोलता तो तास लावला. ग्लास पडला, सर ओरडले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मागं घे," सर म्हणाले. मी घेतलं. "थांबव."

पडद्यावर सर थांबले होते, अंगात तपकिरी स्वेटर.

"हा स्वेटर," सर काकूंना म्हणाले, "तू पेटीतून कधी काढतीस?"

"दिवाळी झाल्यावर. त्याआधी कशाला?"

भूकंपाची तारीख दिवाळीच्या आधीच येऊन जाते. मग काकूच माझ्याकडं वळल्या. "तेव्हापासून त्या तारखेला यांना एकट्याला सोडलं न्हाई मी. बाहेरून कडी लावून बसते. गावाकडं जाऊ देत न्हाई. बंद दाराच्या आत बसवलं मी यांना, दर वर्षी." त्यांनी लॅपटॉपकडं बोट केलं. "तुला एक दिवस यायला काय झालतं रे?"

मी सरांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"त्या पोरीच्या बापाला सांगितलं?"

"न्हाई, सर."

"आणि क्लासच्या पोरांना?"

"न्हाई."

"मग मला काय दाखवून राहिला? मी तिथं नव्हतो हे मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मी लॅपटॉप मिटला. त्या मुलीच्या बापाचा पत्ता शोधायला मला तीन महिने लागले. देगलूरला जाऊन त्यांच्या अंगणात उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही. राहिली ती पोरं. आता ती कुठं कुठं पांगली असतील, माझ्याकडं त्यांचे पत्ते नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहिलं. त्या दिवशी सर तिथं नव्हते. मी होतो.