आत्याने माझी ऑर्डर रद्द केली तेव्हा

आज आत्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मी कुणाचाही फोन घेतलेला नाही.

राग मानू नका. बोलायची ताकद नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

शालिनीआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. फोर्टमधल्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. रिटायर झाल्यावर आमच्याकडे लालबागला राहायला आली, ती शेवटपर्यंत.

माझं काम तुम्हाला माहितीये. कागदाची मखरं. घर तेच, वर्कशॉपही तेच.

माझं डोकं कसं चालतं, ते मात्र फार जणांना माहीत नाही.

सुचलं की मी दिवसभर कात्री खाली ठेवत नाही. जेवण नाही, पाणी नाही. आणि मग एक दिवस तीच कात्री उचलवत नाही. फोन वाजला की मी तो उशीखाली ढकलते. कुणी एकदम मोठ्याने बोललं तर अंगावर काटा.

तिशी उलटल्यावर दादरच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं. एडीएचडी.

बाबा म्हणाले, "हे सगळं त्या मोबाइलमुळे."

आत्या टीव्ही बघत होती. आवाज बंद करून तिने एवढंच विचारलं, "तुका भूक लागता ता तरी समाजता काय?"

"कधी कधी नाही समजत."

"मगे मी सांगान."

दुसऱ्या दिवसापासून माझा कामाचा फोन तिच्याकडे गेला. मी मागितलं नव्हतं. घरात पक्की मालवणी बोलणारी ही बाई फोनवर एकदम वेगळीच व्हायची. "नमस्कार, बोला. ती कामात आहे, मला सांगा." क्लायंट मला विचारायचे, मॅनेजर ठेवलीस का गं?

मग ते वर्ष आलं.

करी रोडच्या एका टॉवरमधून ऑर्डर आली. सोसायटीच्या गणपतीची पूर्ण सजावट. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. घरगुती मखरं आधीच घेतली होती. तरी मी हो म्हटलं. धंद्यात नाही कसं म्हणायचं, हे मला आजही नीट येत नाही.

त्यात खाली ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली. लहानपणी मी त्या आवाजावर नाचलेय हो. त्या वर्षी प्रत्येक ठोका दातांत लागायचा. कानांत कापूस घालून कागद कापायचे. झोप गेली. गोळ्या घ्यायचं विसरायला लागले.

एका दुपारी अंघोळीला गेले आणि मोरीतच बसून राहिले. केस ओले, गाऊन ओला. उठायचंय हे कळत होतं. उठता येत नव्हतं.

आत्या दाराबाहेर पाट घेऊन बसली.

तेवढ्यात फोन वाजला. टॉवरवाल्या मॅडम. आत्याचा आवाज मला आत ऐकू येत होता.

"नाही मॅडम, तुमचं काम नाही होणार. ती आजारी आहे."

"ताप नाही. डोकं आजारी आहे."

"हो, डोकंच म्हटलं मी. अजून वेळ आहे, दुसरं कुणी बघा. सॉरी."

मी आतून ओरडले, "तू कोण ठरवणारी? माझं नाव खराब होईल!"

"नावाचा मगे बघू. आधी उठ थंयसून."

मी उठले. रागाने का होईना, उठले.

त्याच संध्याकाळी ती मला ठाकूरद्वारला तिच्या मैत्रिणीकडे घेऊन गेली. वाडीतली आतली खोली, रस्त्याचा आवाज नाही. मी आत्याशी बोलत नव्हते. नुसती झोपत होते. मधेच उठवून ती पेज द्यायची, डॉक्टरांकडे न्यायची. औषध बदललं.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "तापच सांगितला असतास तर काय बिघडलं असतं?"

तिने कप खाली ठेवला.

मग म्हणाली, तुझ्याएवढी असताना मी दोन-तीन महिने ऑफिसला गेले नव्हते. टेलिफोनच्या बोर्डवर बसले की रडू यायचं. घरच्यांनी ऑफिसात कळवलं, कावीळ झालीये. मी पण तेच सांगत राहिले. परत गेल्यावर सगळ्या मैत्रिणी डब्यात माझ्यासाठी बिनतेलाची भाजी आणायच्या. मी खायचे.

"रिटायर होयपर्यंत सगळे माझ्या काविळीची चौकशी करीत. खोटा बोलान बोलान कंटाळो इलो गो माका."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. बाबांना पण कावीळच माहीत होती.

परत आल्यावर घरगुती मखरं मी पूर्ण केली. आत्या समोर खुर्ची टाकून बसायची, कागदाला हात न लावता. कुणीतरी समोर आहे, एवढ्यावर माझे हात चालायचे.

टॉवरवाल्या मॅडम परत कधी आल्या नाहीत. "हल्ली सगळ्यांनाच काहीतरी असतं," असं त्या कुणाला तरी म्हणाल्या, तेही माझ्यापर्यंत पोचलं. लागलं. अजून लागतं.

पण एका जुन्या क्लायंट ताईंनी आत्याकडून माझ्या डॉक्टरांचा नंबर घेतला. मुलासाठी.

गेल्या वर्षी आत्याची फुप्फुसं थकली. परळच्या हॉस्पिटलात होती. ट्यूबलाइट, मशीनची पिकपिक, मी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी. तिने मास्क बाजूला केला. "तुका हय त्रास होता. घराक जा."

मी गेले. सकाळी ती गेली, बाबा जवळ होते.

नातेवाईक विचारतात, शेवटी तू नव्हतीस? नव्हते. तिनेच पाठवलं होतं.

हे वर्ष जड गेलं. सोसायट्यांची कामं घेतली नाहीत. काही दिवस नुसते पडून गेले. तेव्हा विचारणाऱ्यांना सांगितलं, डोकं थकलंय. काही जणांनी विषय बदलला. काही जण म्हणाले, माझं पण.

आज श्राद्धाचं जेवण झालं. वरण, भात, भाजी, खीर. तिने बिनमाशांचं ताट बघून नाक मुरडलं असतं. उद्या बाबा बांगडे आणणार आहेत.

आत्या, मी दमलेय गं. पण आहे.

तू आराम कर.