उजवा कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट ठाऊक नाही.

सायली गावातल्या कारखान्यात आम्ही तिघं एकत्र होतो. मी नाशिकची. अमळनेरची कल्पनाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आम्ही दोघी प्रेस मशीनच्या लाइनवर. आणि स्टोअरमधला जिग्नेश. मी जवळच्या टोकरखाडा वस्तीत नवीन राहायला आले, तेव्हा पहिले पंधरा दिवस ताईच्याच घरून डबा यायचा — हे आधी सांगितलेलं बरं.

त्या हिवाळ्यात जिग्नेशने टूम काढली : शनिवार-रविवार बोर्डीच्या किनाऱ्यावर तंबू टाकून राहायचं. सायकली टेम्पोत घालून गेलो. शनिवारी मागचा डोंगर चढलो, ताई सगळ्यांच्या पुढे. रविवारी सकाळी पक्षी बघायला सायकलवर निघालो. सुरूच्या बनात मी ताईच्या मागे होते. घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, ओरडले — ती बाजूला होईना. शेवटी मीच वाळूत आडवी झाले. पुढे ओहोटीच्या चिखलात जिग्नेशला कोल्हा दिसला. तो दबक्या आवाजात कुठे ते सांगत होता, आणि ताई कोल्ह्याकडे नाही, त्याच्या ओठांकडे बघत होती.

चहा पिताना ती स्वतःच बोलली. "उजव्या कानाने ऐकूच येत नाही गं. डावाही अर्धाच. वर्ष झालं. कळलं तर लाइनवरून काढतील मला. तुम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नाही हां."

"दीदी, आपल्या तिघांतच राहील," जिग्नेश म्हणाला. मीही मान डोलावली. डोलावली ना — मला चांगलं आठवतंय.

मग शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली. ताईचं नाव पुढे होतं. तिच्यामागे माझं.

साहेबांच्या केबिनमध्ये मी रजेचं बोलायला गेले होते — असं स्वतःला किती दिवस सांगत राहिले! रजा मला नकोच होती. "सर, कल्पनाताईंची काळजी वाटते," मी म्हणाले, "मशीनचा भोंगा त्यांना ऐकू येत नाही." काळजी? असती तर आधी ताईशी बोलले असते. तिला डॉक्टरकडे नेलं असतं. मला ती जागा हवी होती.

कानांची तपासणी झाली. ताईला पॅकिंगला टाकलं. दोन महिन्यांनी तिने कामच सोडलं. जागा मला मिळाली.

ज्या दिवशी तिला लाइनवरून काढलं, त्या संध्याकाळी ती रडत माझ्याच घरी आली. "जिग्नेशने दगा दिला गं. भाऊ मानलं होतं त्याला." आणि मी? मी पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यावर तरी थांबायचं — पण नाही. "माणसं ओळखता येत नाहीत, ताई," असंही म्हणाले.

जिग्नेशला कळलंच असणार. माहीत असलेले दोघंच होतो, आणि तो बोलला नव्हता. त्याने ताईला फोन केले, तिने उचलले नाहीत. एकदा कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. वाटलं, आता विचारेल. त्याने ताट बाजूला सारलं. "दीदीला सांग, मी नाही बोललो. बस, एवढंच."

"सांगते," मी म्हणाले. सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात अमळनेरला ताईच्या मुलीचं लग्न झालं. जिग्नेशला पत्रिका नव्हती. मांडवात ताईने माझा हात धरून व्याह्यांना ओळख करून दिली — "ही माझी पाठची बहीण." आणि मावशीच्या मानाची साडी माझ्या हातात ठेवली. मी आत जाऊन ती नेसून आले, आणि फोटोसाठी नवरीच्या शेजारी उभी राहिले.