बाथटबमधली बोरांची बियर

परदेशात चार मराठी घरं एकाच बिल्डिंगमध्ये राहायला लागली की किस्से आपोआप जमतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्याकडचे बहुतेक माझ्या नवऱ्याच्या बियरचे आहेत. पार्टीत कुणीतरी सुरू करतं, "वहिनी, तो बियरचा सांगा ना!" मी सांगते आणि लोक पोट धरून हसतात. मला मात्र अजून राग येतो. पंचवीसेक वर्षं होऊन गेली, तरी येतो!

*

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला, मनामात होतो. श्रीधर एका कारखान्यात इंजिनीअर. कंपनीने त्याला ट्रेनिंगला बेल्जियमला पाठवलं, तिथे तो चेरी घातलेली आंबट बियर प्यायला आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. "त्यात यीस्ट घालतच नाहीत. हवेतलं आणि फळाच्या सालीवरचं जंगली यीस्ट आपोआप काम करतं!" चेरी बहरीनमध्ये कुठली? मग ठरलं, बोरं. तिकडे त्यांना कनार म्हणतात आणि हिवाळ्याच्या शेवटी ढिगाने येतात.

माल्टचा, म्हणजे बियरसाठी लागणाऱ्या जवाच्या अर्काचा, डबा एका ब्रिटिश सहकाऱ्याने सुट्टीवरून येताना आणून दिला. टोप मात्र माझा. सत्यनारायणाचा प्रसाद ज्यात व्हायचा, तो! श्रीधरने त्यात माल्टचं पाणी उकळलं आणि थंडीत गच्चीवर रात्रभर उघडं ठेवून दिलं. सकाळी बघते तर वर बारीक वाळूचा थर.

"अरे, धूळ पडलीय सगळी!"

"पडू दे. धुळीतच यीस्ट असतं."

"मग मी उद्यापासून केर काढत नाही. तू फरशी चाट!"

*

ते पाणी आणि टोचलेली बोरं एका मोठ्या ड्रममध्ये भरली. ड्रम पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, टबात. का, तर तिथे एसी पोचतो. सहा महिने हलवायचं नाही म्हणाला. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मैत्रिणी आल्या, तर ही दारात आडवी उभी. "You can't go in. Papa's beer is sleeping!" मैत्रिणींच्या आया माझ्याकडे बघत होत्या, श्रीधरकडे नाही.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. त्यांनी ड्रमचं झाकण उघडलं. आत पांढरी सुरकुतलेली साय आलेली. जंगली यीस्टची तशी येते म्हणे, चांगलं लक्षण असतं. सासूबाईंनी सगळं कमोडमध्ये ओतलं, ड्रम घासला, टब घासला आणि वर डेटॉल मारलं.

संध्याकाळी श्रीधर आला. "अरे, काहीतरी नासलं होतं तुझं," सासूबाई म्हणाल्या, "बुरशी आली होती नुसती."

"हो का? बरं केलंस," हा म्हणाला. अगदी शांतपणे.

मग बेडरूमचं दार लावून माझ्यावर ओरडला. "तुला लक्ष ठेवता येत नाही?"

"त्यांना बोल ना!"

"आईला काय बोलणार?"

*

दुसऱ्या खेपेची बियर जमली, हे मान्य करते. गुलाबी रंग, आंबट, बोरांचा वास. त्या ब्रिटिश सहकाऱ्याने शहराबाहेर बुदैयाला त्याच्या व्हिलावर जेवायला बोलावलं आणि श्रीधर बाटल्या घेऊन गेला. काय कौतुक! साहेब मंडळी ग्लास उजेडात धरून बघतायत आणि हा मधोमध उभा राहून जंगली यीस्टवर व्याख्यान देतोय.

सहकाऱ्याच्या बायकोने मला विचारलं, "And what do you do?"

मी पुण्यात सहा वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती म्हणून घरी होते. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात श्रीधर हसत म्हणाला, "She washes the bottles!"

सगळे हसले. परतताना पूर्ण हायवेभर मी खिडकीबाहेर बघत होते. त्याला वाटलं, मी दमलेय. घरात शिरता शिरता म्हणतो कसा, "पुढच्या खेपेच्या बाटल्या धुतल्यास ना?"

धुतल्या. एकूण एक धुतल्या आणि आतून खोबरेल तेल फिरवलं. त्या खेपेला फेसच आला नाही. श्रीधरने पाणी बदललं, साखर बदलली, डबा आणणाऱ्यालासुद्धा दोष दिला. खरं कारण त्याला आजही माहीत नाही; पार्टीत मी एवढा भाग गाळते.

*

फेस नाही म्हटल्यावर दामले पुढे सरसावले. दामले वरच्या मजल्यावरचे, बँकेत होते. बियर बनवण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, प्यायला मात्र दर शुक्रवारी हजर. "साखर कमी पडतेय," त्यांनी निदान केलं आणि नव्या खेपेला बाटलीगणिक चमचाभर साखर जास्त घातली.

जूनमधल्या एका शुक्रवारची दुपार. वीज गेली, एसी बंद. स्वयंपाकघरात रचलेल्या बाटल्यांतली पहिली फुटली तेव्हा मला वाटलं काहीतरी पडलं. मग दुसरी. मग धडाधड!

त्या दिवसांत शहरात सरकारविरोधी गडबड चालू होती, मधूनच स्फोट व्हायचे. कुठे आवाज झाला की पोलीस यायचे. परदेशी माणसाला दुकानातून विकत घेऊन प्यायला मुभा होती, पण घरात बनवणं म्हणजे गुन्हा. पकडले गेलो असतो तर व्हिसा खलास आणि पुढच्या विमानाने मुंबई. नोकरी, मुलीची शाळा, सगळंच गेलं असतं.

बेल वाजली. मागे वळून बघते तर श्रीधर टॉवेल घेऊन बाथरूममध्ये कडी लावून बसलेला आणि दामले बाल्कनीत पडद्यामागे. दोन दोन पुरुष घरात! दार मी उघडलं. हातात जे सापडलं ते घेऊन, म्हणजे प्रेशर कुकर घेऊन.

पोलीस हिंदीत म्हणाला, "आवाज़ किसका?"

"कुकर का."

"पाँच बार?"

"घर में मेहमान बहुत हैं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं आणि तो जिना उतरला. तेवढ्यात पडद्यामागून दामले आले. भिंतीवरून गुलाबी ओघळ चालले होते, त्याला बोट लावून चाटलं आणि म्हणाले, "वहिनी, गॅस मात्र मस्त झाला होता हं!"

मी कुकरचं झाकण फेकून मारलं. नेम चुकला. त्याचं अजून वाईट वाटतं.

*

आता बोरांचं. बोरं आणून द्यायचे इब्राहीमभाई. मूळ दापोलीकडचे, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत कापडाचं दुकान. बोलताना अरबी 'यल्ला', म्हणजे 'चल, आटप', सतत तोंडात. दारूला कधी शिवले नाहीत. बुदैयाला त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे झाडं होती. तिथून स्वतः निवडून दर हिवाळ्यात बादलीभर बोरं आमच्या दारात आणून ठेवायचे. मला वाटायचं, त्यांना सगळं ठाऊक आहे आणि दोस्तीखातर आणतात.

एकदा दुकानात गेले होते. त्यांच्या बायकोने, हमीदाभाभींनी, हसत तक्रार केली. "वहिनी, एवढी बोरं जातात तुमच्याकडे. एक बरणी तरी चाखवायची!"

"कसली बरणी?"

"लोणच्याची. श्रीधरभाई म्हणाले होते ना, वहिनी लोणचं घालतात म्हणून."

तीन हिवाळे माझ्या नावावर हे खोटं चाललं होतं! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. लोणचं नाही भाभी, बियर. इब्राहीमभाई कापड कापत होते. कात्री थांबली. त्यांनी कापडाची घडी घातली आणि आत निघून गेले.

घरी येऊन श्रीधरला म्हटलं, "त्या भल्या माणसाच्या हातून तू हे करवलंस?"

"तू कशाला सांगितलंस? विकतचं लोणचं एक बरणी दिलं असतंस तर मिटलं असतं!"

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

शुक्रवारी नमाजानंतर बेल वाजली. दारात इब्राहीमभाई, हातात काठोकाठ भरलेली बादली. श्रीधर धडपडत उठला. "इब्राहीमभाई, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

त्यांनी नुसता हात वर केला आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, जाड सुई हाय काय?"

मी सुई आणून दिली. त्यांनी ती श्रीधरच्या हातात ठेवली. "लोणचं म्हणालास ना? टोच."

इंजिनीअर साहेब फरशीवर पेपर पसरून बोरं टोचायला बसले. इब्राहीमभाई समोर सोफ्यावर. नेहमीच्या वेळेला दामले शीळ घालत आले, दारातूनच सगळं बघितलं आणि मागच्या मागे वळले.

"दामले, ये ये," इब्राहीमभाई म्हणाले. "वहिनी, दुसरी सुई बघा."

मी चहा केला. दोनच कप, एक त्यांना आणि एक मला. तासभर नुसतं टोचणं चाललं. श्रीधरची बोटं चिकट झाली होती, पाठ आखडली होती. शेवटी न राहवून त्याने मान वर केली.

"इब्राहीमभाई, रागावलात का हो माझ्यावर?"

इब्राहीमभाईंनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"यल्ला, श्रीधर," ते म्हणाले. "अजून अर्धी बादली हाय."