घरी कुणाला ठाऊक आहे?

अझहर कर्जसल्लागार झाला तो काही हौसेनं नाही. बी.कॉम. होऊन तो एका बँकेच्या वसुलीत लागला, लोकांच्या दारात उभं राहून शिव्या खाल्ल्या, आणि मग वाटलं, याच माणसांच्या बाजूला बसून बघावं. नोकरी सांभाळून समुपदेशनाची परीक्षा दिली आणि क्रांती चौकाजवळच्या एका संस्थेत खुर्ची मिळवली. तिथल्या नीरजा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आकडा नंतर विचारायचा. आधी विचारायचं, घरी कुणाला ठाऊक आहे? लपवलेलं कर्ज माणसाला आतून खातं."

येईल त्याला अझहर हेच विचारी. घरी जेवतानाही हाच विषय. त्याचे अब्बा, नवाबभाई, भाकरी मोडत ऐकायचे. फुलंब्री रोडला त्यांची नर्सरी होती. नव्या कॉलन्या उठत होत्या, गॅलरी-गॅलरीत कुंड्या हव्या होत्या, धंदा बरा चालला होता. मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. विहीर आटली, तरी रोपं हिरवी होती. ती कुणाच्या पाण्यावर, हे विचारायचं या जगाच्या सल्लागाराला सुचलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

एप्रिलात अब्बा नर्सरीतच छातीत कळ येऊन गेले. जनाज्याच्या नमाजाआधी, रिवाजाप्रमाणे, अझहर पुढं उभा राहिला. "अब्बांकडे कुणाचं काही देणं असेल तर मला सांगा, मी फेडीन. नाहीतर माफ करा." म्हणायचं म्हणून म्हणाला. कुणी येणार नाही याची त्याला खात्रीच होती.

मागून सांडू नावाचे एक पाण्याचे टँकरवाले हात जोडून पुढं आले. "दोन उन्हाळ्यांचं पाणी व्हतं, पोरा. म्या माफ केलं."

अझहर त्यांच्याकडे वळला. "मला का नाय सांगितलं त्यांनी?"

"म्या आणलं व्हतं की त्याला तुझ्या हापिसात. भायेर बाकावर बसला. आत तू कुणाला तरी इचारत व्हता, घरी ठाऊक हाय का. ते ऐकलं आन् उठला. म्हणला, बच्चा दिनभर लोगां का रोना सुनता, अब घर का भी सुनाऊं क्या."

अझहर सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. कर्ज तर माफ झालं होतं. अब्बांसाठी फेडायलासुद्धा आता काही उरलं नव्हतं.

पंधरवड्यानं तो कामावर आला. समोर सारजाबाई नावाची एक बाई पदर सावरून बसली. नेहमीचा प्रश्न काही केल्या त्याच्या तोंडातून निघेना. "जरा थांबा," म्हणून तो उठला, दार उघडलं, आणि बाहेर बाकावर कोण बसलंय ते आधी बघून आला.